चौकशी कोणाची?

झांकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण मीं गेल्या वर्षीं एका माजी विद्यार्थ्यास ऐकविली, आणि तेव्हांपासून ती मला बोचत आहे. तो लहानपणीं दत्तक गेलेला. जन्मदात्रीचा शोध कसा घ्यावा हें विचारण्यास तो दादरला माझ्या घरीं आला होता. म्हण ऐकून तो इतकेंच म्हणाला, “सर, मूठ झांकली ती कोणासाठीं?” मला उत्तर सुचलें नाहीं.

हाच प्रश्न आयर्लंडांत एका सबंध राष्ट्रापुढें उभा राहिला. ट्यूम गांवीं ख्रिस्ती मठवासिनींनीं १९२५ ते १९६१ पर्यंत चालविलेल्या मातृगृहांत मेलेल्या ७९६ मुलांची नांवें कॅथरीन कॉर्लेस या बाईंनीं मृत्यूच्या नोंदींतून काढलीं. पुरल्याच्या नोंदी मात्र मिळेनात. २०१५ सालीं सरकारनें आयोग नेमला. अठरा संस्थांत मिळून सुमारें ९,००० मुलें दगावलीं, असें त्याच्या २०२१ च्या अहवालांत आहे. अविवाहित मातांना मिळालेल्या कठोर वागणुकीचा मुख्य दोष मुलांच्या बापांकडे व त्या स्त्रियांच्या घरच्यांकडे जातो, शासन व चर्च यांनीं त्यास हातभार लावला, असा आयोगाचा निष्कर्ष आहे.

त्यांत तथ्य नाहीं असें कोण म्हणेल? परंतु सर्वांच्या माथीं वांटून दिलेला दोष कोणाच्याच अंगास लागत नाहीं. बापानें हात झटकले, घरच्यांनीं दार लावलें, म्हणून जिनें आंत घेतलें ती संस्था जाब देण्यांतून सुटत नाहीं. उलट, जिला दुसरें दारच नाहीं तिच्याशीं आपण कसें वागलों, हीच दयेची खरी कसोटी होय.

“तो काळच तसा होता,” असें यावर म्हणतात. हा बचाव वाचकांनीं आपल्याच इतिहासाच्या उजेडांत पाहावा. १८६३ सालीं पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. विधवेनें गुप्तपणें यावें, बाळंत व्हावें, आणि मूल न्यावें कीं ठेवावें हें तिनेंच ठरवावें. १८७५ सालीं पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर यांनीं तसेंच गृह काढलें, व पुढें मुंबईच्या प्रार्थनासमाजानें तें सांभाळलें. त्या काळीं गुप्ततेवांचून प्राण वांचणें कठीण होतें: १८८१ सालीं सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेस अर्भकहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली, ती पुढें कमी करण्यांत आली. परंतु त्याच काळीं, १८८२ सालीं, ताराबाई शिंदे यांनीं ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषाच्या दोषाकडे बोट दाखविलें. आणि विधवेच्या पोटीं आलेल्या यशवंतास फुले दांपत्यानें दत्तक घेऊन आपलें नांव दिलें. म्हणजे काळास दुसरें माप ठाऊक होतें. जें कांहींना दिसलें, तें इतरांस दिसणें अशक्य नव्हतें.

मग मेलेल्यांची चौकशी कशासाठीं? शिक्षेसाठीं नव्हे. मी कोठें जन्मलों, माझ्या भावंडास कोठें पुरलें, कागद कोणापाशीं आहेत, हें जाणण्याचा जित्यांचा हक्क असतो म्हणून. त्याच आयोगापुढें ५५० जणांनीं आपली कहाणी सांगितली. त्यांच्या आवाजाच्या नोंदी पुसल्या गेल्या, व ओरड झाल्यावर परत मिळविण्यांत आल्या. चौकशीनेंच साक्ष पुसावी, हें मूठ पुन्हां झांकणेंच नव्हे काय?

गुप्तता ही आईची ठेव आहे, संस्थेची मालमत्ता नव्हे. आईनें स्वतः नको म्हटलें, तर मुलानें तिच्या दारीं जाऊं नये. आपल्याकडील दत्तकविधानाचे नियमही प्रौढ दत्तकास मूळशोधाची वाट देतात आणि जन्मदात्यांची गुप्तताही राखतात. हा तोल मला योग्य वाटतो. परंतु तिला न विचारतांच तिच्या नांवानें कुलूप लावणारा तिची अब्रू राखीत नसतो, स्वतःची राखीत असतो.

त्या विद्यार्थ्यास मीं आतां पत्र लिहिलें आहे: मूठ झांकली ती आम्हां प्रतिष्ठितांसाठीं. अर्ज लिहावयास ये. मी बरोबर बसतों.