आज किती सुटले?

मूल स्पर्धात्मक प्रोग्रॅमिंग शिकू लागलं की घरात पहिला प्रश्न येतो, "आज किती सुटले?" हा प्रश्नच जरा घाईचा आहे. 1989 साली बल्गेरियात सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडमध्ये आता दोन दिवस, रोज पाच तास आणि साधारण तीनच प्रश्न असतात. म्हणजे अडणं हाच तिथला अभ्यास. उदाहरणार्थ, मुलाचा प्रोग्रॅम दहा आकड्यांवर झटकन चालतो, पण दोन लाख आकडे दिले की वेळ संपतो. प्रत्येक आकडा दुसऱ्या प्रत्येकाशी ताडायचा तर जोड्याच दोन हजार कोटींच्या घरात जातात. तेच आकडे आधी चढत्या क्रमाने लावले तर काम बरेचदा तीस-चाळीस लाख पायऱ्यांत भागतं. ही युक्ती बहुधा स्पर्धा संपल्यावर, न सुटलेल्या प्रश्नाकडे परत वळल्यावर उमगते. नेमकं तेव्हाच आपण म्हणतो, "झालं ना? आता जेईईचं बघ."

गुणांशिवाय गांभीर्य कसं येणार, असं कुणी म्हणेल. स्पर्धांतल्या कामगिरीवरून मिळणारं रेटिंग उपयोगी आहे, नाही असं नाही. पण कोडफोर्सेस या स्पर्धांच्या संकेतस्थळावर ते इतरांच्या कामगिरीवरही ठरतं, त्यामुळे शिकणं चालू असतानाही घसरतं. रोज त्याचा हिशेब मागितला की आयतं उत्तर उतरवायचा मोह होणारच. तेव्हा पालकहो, "कुठे अडलं, मला समजावून सांग" एवढंच म्हणा. त्यासाठी तुम्हाला संगणक यावा लागत नाही. आणि कोडफोर्सेसच्या स्पर्धा आपल्याकडे बहुधा रात्री आठनंतर सुरू होतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळचा क्लास ठेवू नका.