पाणवठ्यावर आलेला जीव

पंचशीलातील पहिले शील आपण वंदनेच्या वेळी नेहमी म्हणतो. कोणत्याही जीवाची हत्या करण्यापासून मी दूर राहीन, असा त्याचा अर्थ. विहारात बसून हे शील म्हणणे सोपे असते. परंतु नदीच्या काठी आणि रानाच्या कडेला राहणाऱ्या नवदीक्षित कुटुंबाला ते पाळताना अनेक शंका येतात. दीक्षा घेतली, आता गळ टाकावा की नाही? भावकीतल्या कोणी भेकराचा वाटा आणून दिला तर तो चुलीवर चढवावा की नाही? शेजारी टोमणा मारतात, "बुद्ध झालात, मग मासे कसे खाता?" त्यांना काय सांगावे? या शंकांना "धम्मात तसे सांगितले आहे" एवढेच उत्तर देऊन भागणार नाही. तथागतांनी पारखून घ्यायला शिकविले आहे. म्हणून आपणही हा प्रश्न पारखून घेऊ.

थंडीतील नदी आणि रान

भोरहून वरंधा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिर्डोशी हे गाव आहे. हा जुना हिरडस मावळ. शेजारी नीरा नदी, तिच्यावर नीरा-देवघर धरणाचा जलाशय, आणि भोवती सह्याद्रीचे डोंगर. पावसाळ्यात येथे पाऊस कोसळतो, भाताची शेती होते, आणि कार्तिकात सुगी आटोपली की हाताला काम उरत नाही. पौष-माघाच्या थंडीत शिकारीची आणि मासेमारीची आठवण होते ती त्यामुळेच.

या दिवसांत पाणी निवळलेले असते. मासा हा थंड रक्ताचा प्राणी; पाणी गारठले की त्याची हालचाल मंदावते. तो खोल डोहात तळाशी जातो आणि ऊन चढल्यावरच आमिषाकडे वळतो. जाणता कोळी म्हणूनच थंडीत पहाटे घाई करीत नाही. दुपारी डोहावर बसतो. रानातही तसेच. गवत वाळते, पाचोळा वाजू लागतो, लहान ओढे आटतात आणि पाणवठे मोजकेच उरतात. भेकर आणि सांबर यांना त्याच पाणवठ्यांवर यावे लागते. शिकाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. तो रान तुडवीत नाही. पाण्यापाशी दबा धरून बसतो, येण्याच्या वाटेवर फासकी लावतो किंवा रात्री बॅटरीचा झोत टाकून जनावराचे डोळे दिपवतो. थंडीच्या शिकारीचे सगळे कसब एवढ्यात येते. जीवाची तहान हेच शिकाऱ्याचे हत्यार होते.

गरज आणि इच्छा

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अहिंसेचा विचार फार स्पष्टपणे मांडला आहे. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत त्यांनी भेद केला. निव्वळ इच्छेपोटी होणारी हत्या बुद्धाने निषिद्ध मानली, असे ते सांगतात. यज्ञात पशू मारणारा ब्राह्मणी धर्म हे एक टोक. कोणत्याही स्थितीत जीव मारायचाच नाही असे म्हणणारा जैन मार्ग हे दुसरे टोक. बुद्धाची अहिंसा मध्यम मार्गाची आहे. त्याचबरोबर त्यांनी तत्त्व आणि नियम यांतील फरकही दाखविला. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व माणसावर विचाराची जबाबदारी टाकते.

आता या कसोटीवर दोन माणसे घासून पाहू. एक आहे काठावरचा गरीब माणूस. घरात कालवणाला काही नाही म्हणून तो दुपारी गळ टाकतो, चार मासे धरतो, ते शिजतात, पोरे जेवतात. दुसरा आहे शहरातून आलेला हौशी माणूस. त्याच्याजवळ भारी काठी आहे, पिसांची बनवलेली खोटी माशी आहे. ही कला इंग्रज साहेबांनी या देशात आणली आणि आपल्या नद्यांतील महासीर माशावर ती चालविली. हा हौशी माणूस मासा खेळवतो, दमवतो, वर काढतो, फोटो घेतो आणि पुन्हा पाण्यात सोडतो. तो म्हणतो, "मी मारत नाही, सोडून देतो." त्याचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळलेला असतो. म्हणून थंडीत सोडलेला मासा उन्हाळ्यापेक्षा वाचण्याचा संभव जास्त असतो.

मग शीलभंग कोणी केला? अट्ठकथांनी प्राणातिपाताची पाच अंगे सांगितली आहेत: समोर जीव असणे, तो जीव आहे हे जाणणे, मारण्याचा हेतू, त्यासाठी प्रयत्न आणि त्या प्रयत्नाने मृत्यू. या पाच अंगांचा कोरडा हिशेब केला तर गरीब माणूस दोषी ठरतो आणि हौशी माणूस सुटतो! नियमाला धरून बसले की असा न्याय होतो.

परंतु तथागतांनी स्वतः काय विचारले ते पाहा. उदान ग्रंथात एक प्रसंग आहे. जेतवनातून श्रावस्तीत भिक्षेला जाताना वाटेत काही मुले माशांना छळताना त्यांना दिसली. त्यांनी मुलांना मृत्यूबद्दल विचारले नाही. तुम्हाला दुःखाची भीती वाटते काय, दुःख तुम्हाला नकोसे वाटते काय, असे त्यांनी विचारले. मुले म्हणाली, होय. या प्रश्नापुढे हौशी माणसाची सबब टिकत नाही. मासा पाण्यात परत गेला, तरी जबड्यात गळ अडकलेल्या जीवाच्या धडपडीतून त्याने आनंद घेतलाच. तेथे गरज मुळीच नव्हती. इच्छा मात्र शंभर टक्के होती.

याचा अर्थ गरीब माणसाला मोकळीक मिळाली असा कोणी घेऊ नये. धम्मपदाच्या अट्ठकथेत 'अरिय' नावाच्या कोळ्याची कथा आहे. अरिय म्हणजे श्रेष्ठ. जीवांना इजा करणारा केवळ नावाने श्रेष्ठ होत नाही, हे भगवंतांनी त्याला समोरासमोर सांगितले. त्याला हाकलून दिले नाही, तसेच त्याच्या धंद्याची भलामणही केली नाही. गरज दोष हलका करते, पुसून टाकीत नाही. म्हणून ज्याला मासे धरावे लागतात त्याने गरजेपुरतेच धरावेत. पहिल्या पावसात अंडी टाकण्यासाठी वर चढणारे चढणीचे मासे मारू नयेत, कारण त्यात पुढची सारी पिढी मरते. डोहात जिलेटिन फोडणे किंवा विष कालवणे हे तर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. आणि मुलांना शिकवून असा मार्ग दाखवावा की त्यांच्यावर ही गरज येऊच नये. रोजच्या ताटातील माशावरून हिणवणाऱ्या शेजाऱ्याला एवढेच सांगावे की आमचे शील ताटावरून मोजायचे नसते, ते मनावरून मोजायचे असते. सोवळ्याचे एक जोखड टाकून दुसरे मानेवर घ्यायला आम्ही दीक्षा घेतलेली नाही.

हरणाच्या बाबतीत गरज उरली आहे काय?

भेकर-सांबराचा प्रश्न वेगळा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचा परवाना घेण्याची वाटही बंद झाली. रेशनचे धान्य आहे, कोंबडी-अंडी आहेत. वन्य प्राण्यांनी पिकाची नासाडी केली तर वनखात्याकडे भरपाई मागता येते. ती मिळवायला खेटे घालावे लागतात हे खरे, पण त्यासाठी एकजुटीने भांडावे. आज हिर्डोशीच्या रानात हरीण मारण्याला गरज म्हणता येत नाही. ती इच्छाच आहे.

आणि ती इच्छा बहुधा आपली नसते, हे विशेष ध्यानात घ्या. संस्थानी अमलात सरदार-साहेबांची शिकार निघाली की रान उठवायला, हाका घालायला, ओझी वाहायला वेठीला धरले जात ते गरीब आणि अस्पृश्य. बंदूक त्यांची, धाव आपली. मांस त्यांचे, काटे आपले. महार वतनाच्या जाचाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने नष्ट झाली. ज्या वेठीतून आपले आजोबा सुटले, ती वेठ नातवाने चार पैशांसाठी आपण होऊन पत्करावी काय? शहरातील बंदूकवाल्याला पाणवठा दाखवणारा तरुण त्याच्या हौसेचा हाकाऱ्याच होतो. खटला झाला तर बंदूकवाल्याला वकील मिळतो. हाकाऱ्याची आई कोर्टाच्या पायऱ्या झिजवते.

मृगयेचा त्याग ही आपल्याला परकी गोष्ट नाही. सम्राट अशोकाने आपल्या आठव्या शिलालेखात सांगितले आहे की पूर्वीचे राजे शिकारीच्या विहारयात्रा करीत. त्याने त्या सोडून धम्मयात्रा सुरू केल्या. हा लेख फक्त दूरच्या प्रांतांत नव्हता. त्याचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना आपल्या महाराष्ट्रात, सोपाऱ्याला सापडला. नवव्या लेखाचा तुकडा तेथेच १९५६ मध्ये मिळाला, ज्या वर्षी नागपूरला धम्मचक्र पुन्हा फिरले. पहिला धम्मोपदेशही झाला तो सारनाथच्या मृगदायात, जेथे हरणे निर्भय फिरत.

घाटापलीकडचे पाणी

हिर्डोशीची वाट वरंधा घाट उतरून महाडला जाते. त्या महाडात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो बांधवांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, तेथे आपल्याला बंदी होती. त्याच दिवशी परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ला झाला, मंडपात जेवणाऱ्यांना झोडपले गेले. त्यांचा अपराध एकच, ते पाण्यावर आले होते.

पाण्यावर आलेल्याला मारणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला कळणार? आपण मागितला तो माणसाचा हक्क; जनावरांना तळ्यावरून हुसकून द्या असे आपण म्हटले नव्हते. बावीस प्रतिज्ञांतील तेराव्या प्रतिज्ञेत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याचे आणि त्यांचे पालन करण्याचे वचन आपण दिले आहे. पाण्यासाठी मार खाल्लेल्या समाजाच्या तोंडी ते वचन अधिक शोभते, आणि ते मोडणे अधिक लाजिरवाणे होते.

घरातील स्त्रियांसाठी

काही घरांत सून धम्माला लागलेली असते आणि घरातील पुरुष फासकी सोडीत नाही. अशा उपासिकांनी खचू नये. राजगृहाच्या कुक्कुटमित्र नावाच्या पारध्याची पत्नी लहानपणापासून धम्मात स्थिर होती. नवरा मागे तेव्हा ती धनुष्यबाण हाती देई, पण तिच्या मनात मारण्याचा हेतू नव्हता. जखम नसलेल्या हाताला विष बाधत नाही, असे म्हणून भगवंतांनी तिला निर्दोष ठरविले. पुढे तो पारधी, त्याचे सात मुलगे आणि सुना सगळेच धम्माला लागले. घरातील एक निर्मळ मन साऱ्या घराला वळवते. मात्र आजची स्त्री त्या काळाइतकी परस्वाधीन नाही. तिने फासकी हातात देऊ नये, आणि का देत नाही ते मुलांच्या देखत सांगावे.

उपासक-उपासिकांनो, शील म्हणजे काय खावे याची यादी नव्हे. मारण्यापूर्वी मनाला विचारायचा तो प्रश्न आहे: याची मला गरज आहे, की नुसती इच्छा आहे? थंडीच्या संध्याकाळी ओढ्यावर भेकर पाणी प्यायला मान खाली घालील, तेव्हा हा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर प्रामाणिक असेल तर हात आपोआप थांबेल.

नमो बुद्धाय! जय भीम!