आपल्या घरातील मोलकऱ्याची मजुरी

मुंबईत दादर आणि वरळी यांच्या मध्ये प्रभादेवी नावाचा भाग आहे. आमच्या खेड्यांतील वाचकांपैकी ज्यांचे आप्त मुंबईस आहेत, त्यांनी तो सिद्धिविनायकाच्या देवळामुळे ऐकिला असेल. किंवा ज्या रेल्वे स्थानकास २०१८ सालापर्यंत एल्फिन्स्टन रोड म्हणत व आता प्रभादेवी म्हणतात, त्यामुळे ऐकिला असेल. या भागात आम्ही पुष्कळ वर्षे राहत आहो. गेल्या पावसाळ्यात येथील एका बांधवाच्या घरी सायंकाळची उपासना होती, व वचनावर चार शब्द बोलण्याचे काम आम्हांकडे आले. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय आम्ही निवडिला. त्यातील चौथ्या वचनात प्रेषित धनवानांस बजावितो की, ज्यांनी तुमची शेते कापली त्यांची अडकवून ठेविलेली मजुरी ओरडत आहे, आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे.

हे वचन प्रभादेवीत वाचावयाचे म्हणजे शब्द शोधावे लागत नाहीत. ज्या घरात आम्ही बसलो होतो त्याच्या खिडकीतून उंच काचेच्या इमारती दिसत होत्या. स्थानकाजवळ एल्फिन्स्टन व ज्युपिटर या दोन गिरण्या होत्या. २००५ साली त्यांच्या जमिनी विकल्या गेल्या, आणि जेथे साचे चालत तेथे आता कचेऱ्या आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यांतील पुष्कळ परत कामावर चढलेच नाहीत. श्रोत्यांत त्या काळचे एक वृद्ध बांधव भिंतीस टेकून बसले होते. आम्ही बोललो, आणि खरे सांगावयाचे तर चांगले बोललो. जुना इतिहासही सांगितला: विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत गिरणीतील महिन्याचा पगार पुढल्या महिन्याची दहा-पंधरा तारीख उलटेपर्यंत हाती पडत नसे, म्हणून नव्याने कामास लागलेल्या माणसाला पहिला दीड महिना वाण्याच्या उधारीवर व पठाणाच्या व्याजावर काढावा लागे, पुढे १९३६ साली वेतन देण्याविषयीचा कायदा झाला, तेव्हा लहान कारखान्यांस सात व मोठ्यांस दहा तारखेची मर्यादा घालण्यात आली. उपासनेनंतर दोघा-तिघांनी आमचा हात हाती घेऊन समाधान व्यक्त केले. आम्हीही समाधानाने घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाई आल्या. काम आटोपल्यावर ओले हात पदरास पुशीत त्या स्वयंपाकघराच्या दाराशी थांबल्या आणि आमच्या कुटुंबास म्हणाल्या, "वहिनी, पगाराचं आज होईल का?"

त्या दिवशी महिन्याची नऊ तारीख होती.

पैसे घरात नव्हते असे नाही. एक तारखेपासून ते कपाटात होते. पहिल्या दिवशी सुटे नव्हते. दुसऱ्या दिवशी बाई लवकर निघून गेल्या. मग रविवार आला. त्यानंतर आम्ही दोघेही विसरलो. या आठ दिवसांत कोणाही बाजूने एक कठोर शब्द निघाला नव्हता, कोणी कोणास फसविले नव्हते. आणि त्यांतील एका सायंकाळी आम्ही याकोबाचा पाचवा अध्याय उघडून सबंध गिरणगावाचा हिशेब मागितला होता!

कुटुंबाने लगेच पैसे दिले व उशीर झाल्याबद्दल वाईट वाटल्याचे सांगितले. तेव्हा बोलता बोलता कळले की पाच तारखेस बाईंनी शेजारणीकडून दोन हजार रुपये शेकडा दहा व्याजाने घेतले होते, कारण मुलीच्या शाळेचे पैसे भरण्याचा तो शेवटला दिवस होता. "मग तेव्हाच का मागितले नाहीत?" असे आमच्या कुटुंबाने विचारले. बाई म्हणाल्या, "तुम्ही रोज देवाचं पुस्तक वाचणारी माणसं. तुम्हांला काय मागायचं? द्याल म्हटलं."

हे ऐकून आम्ही जेथे होतो तेथेच बसून राहिलो. इतर घरी तिने दुसऱ्याच दिवशी मागितले असते. आमच्याच घरी तिने मागितले नाही, आणि त्याचे कारण पवित्र शास्त्र होते! ज्या ग्रंथाने आमच्या हातून तिची मजुरी वेळेवर देवावयाची, त्याच ग्रंथाच्या भिडेने तिने व्याजाने पैसे काढिले.

यावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला आहे, व तो येथे मांडण्याचे कारण असे की, ही चूक केवळ विसरभोळेपणाची नसून वचन वाचण्याच्या आमच्या रीतीतली आहे असे आम्हांस वाटू लागले आहे. वचनात माणसे असतात. मजुरीच्या वचनात तीन आहेत: मजूर, त्याला राबविणारा, आणि ऐकणारा प्रभू. ते वाचताना आम्ही स्वतःस कोठे उभे केले होते? मजूर आम्ही नव्हतो. धनवानाच्या जागी गिरणीचे मालक आधीच नेऊन बसविले होते. उरली ती प्रभूच्या शेजारची जागा, आणि तेथे उभे राहून आम्ही दुसऱ्यांचा न्याय करीत होतो. ज्या जागी वचनाने आम्हांस बोलाविले होते ती जागा, म्हणजे कपाटाची किल्ली ज्याच्या हाती आहे त्याची जागा, रिकामी राहिली. आमच्या भिंतीवर वचनांची दिनदर्शिका आहे. तीत सांत्वनाची वचने पुष्कळ आहेत, आणि ती असावीतच. परंतु लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायातील तेरावे वचन, ज्यात मोलकऱ्याची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवून घेण्यास मनाई आहे, ते आम्ही कोणत्याही दिनदर्शिकेवर छापलेले पाहिले नाही.

कोणी म्हणेल, ते मोशेचे नियमशास्त्र होय. आपण कृपेखाली आहो. शिवाय तेथे रोजंदारीची गोष्ट आहे, आणि आपल्या घरी महिन्याचा बोलीव पगार असतो. हा आक्षेप आम्ही स्वतःच स्वतःस घालून पाहिला. त्याचे उत्तर अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात पंधराव्या वचनी आहे. तेथे सूर्य मावळण्यापूर्वी मजुरी द्यावी एवढेच सांगून देव थांबत नाही. तो कारणही देतो. तो मनुष्य गरीब आहे व त्याचा जीव त्या मजुरीकडे लागलेला असतो, हे ते कारण. मुदत रोजाची असो की महिन्याची, कारण बदलत नाही. पाच तारखेस त्या बाईंचा जीव आमच्या कपाटाकडे लागला होता, आणि कपाटास ते ठाऊक नव्हते. नियमाची मुदत जुनी झाली असे म्हणता येईल. पण त्याच्या पोटातील दया जुनी झाली असे कोणता ख्रिस्ती मनुष्य म्हणेल? आणि द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर (मत्तय २०) आपण इतकी प्रवचने ऐकिली, शेवटल्या तासाला आलेल्यासही पुरते नाणे मिळाले म्हणून कृपेची थोरवी गाइली. परंतु त्या धन्याने सायंकाळ होताच कारभाऱ्यास बोलावून मजुरी वाटण्यास सांगितले, एक रात्रही मध्ये जाऊ दिली नाही, इकडे कोणी बोट दाखविलेले आम्हांस आठवत नाही. प्रभूच्या दाखल्यातील धनी उदार आहे, पण तो आधी वक्तशीर आहे.

लांबलेली मजुरी एका ठिकाणी थांबत नाही, हे या गिरणगावाइतके कोणास ठाऊक असेल? येथे कोकणातून व घाटावरून एकटे आलेले हजारो कामगार खानावळीत जेवत. या खानावळी म्हणजे चाळीतल्या एका खोलीत दोन वेळा पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाया. त्या महिनाभर उधारीवर जेवू घालीत व पगार झाला की पैसे घेत. पगार लांबला की खानावळवाली वाण्याकडे थकत असे, आणि थकलेल्या बाकीवर तिला व्याज भरावे लागे. याच बायांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले. ज्याला आपण "दोन दिवस उशीर" म्हणतो तो वरून खाली उतरत जातो, आणि जो सर्वांत खाली असतो त्याच्या अंगावर त्याचे व्याज पडते. आमच्या विसरण्याचे दोनशे रुपये झाले, व ते आम्हांस नव्हे, तिला पडले.

आता खेड्यातील मंडळ्यांविषयी. शहरातल्या माणसाने शेतकऱ्यास उपदेश करू नये हे आम्ही जाणतो. कांदा काढला, अडत्याकडे घातला, आणि पट्टी आल्याशिवाय मजुरांस काय द्यावे, ही अडचण खरी आहे. ज्याचेच पैसे दुसऱ्याने अडकविले आहेत त्याला अपराधी म्हणण्यास आम्ही धजत नाही. आणि शास्त्रही म्हणत नाही. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात अठ्ठाविसावे वचन आहे, ज्यात शेजाऱ्यास "उद्या ये" असे सांगून परत पाठवू नये म्हटले आहे. परंतु त्याला एक अट जोडलेली आहे, की द्यावयाचे आपल्याजवळ असताना. ही अट फार दयाळू आहे आणि फार कठीणही आहे. पट्टी आली नसेल त्याला ती मोकळे करिते. पण पट्टी आली, आणि आधी मोटारसायकलीचा हप्ता भरला, मग पाहुण्यांच्या लग्नाचा आहेर झाला, आणि मजुरांस "पुढल्या बाजारी" सांगितले, तर ती अट त्याला सोडीत नाही. ज्याच्याजवळ खरोखर नाही त्याने निदान विळा हाती देण्यापूर्वी, पैसे केव्हा मिळतील ते सरळ सांगावे. म्हणजे मजुराला कोठे जावयाचे ते ठरविता येईल. मंडळीचे देऊळ झाडणाऱ्याचा पगारही याच वचनाखाली येतो. वर्गणी जमली नाही हे कारण दोन महिने चालते, आणि त्याच दोन महिन्यांत नाताळासाठी मंडप सांगितला जातो, असे आम्ही पाहिले आहे. कोठे, ते सांगण्याचे प्रयोजन नाही.

पंडिता रमाबाईंनी केडगावी आयुष्याची शेवटली वर्षे सबंध पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्यात घालविली. १९२२ साली त्यांचे देहावसान झाले, आणि १९२४ साली ते पुस्तक छापून निघाले. अल्प शिकलेल्या स्त्रीलाही वचन कळावे हा त्यांचा हेतू होता. आम्हांस कधी वाटते, आमच्या बाईंनी याकोबाचा तो अध्याय वाचला असता तर त्या दोन तारखेस दारात उभ्या राहिल्या असत्या, आणि तसे झाले असते तर बरे झाले असते.

व्याजाचे दोनशे रुपये आम्ही पुढे केले. बाईंनी ते घेतले नाहीत. "व्याजाचं राहू द्या, वहिनी," त्या म्हणाल्या, "तारखेला द्या, म्हणजे झालं." जक्कयाने चौपट परत केले, आमच्याकडून एकपटही घेतले गेले नाही, आणि ते ऋण अद्याप तसेच आहे. ते कसे फेडावे याविषयी आमचे व कुटुंबाचे एकमत झालेले नाही. पैसे दुसऱ्या नावाने द्यावे असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या नावाने दिले तर ते दान होईल आणि आम्ही पुन्हा उपकारकर्त्यांच्या जागी जाऊन बसू, असे आमचे.

त्यानंतर एका महिन्याची एक तारीख रविवारी आली. शनिवारी सायंकाळीच पाकीट काढून ठेविले व बाईंच्या हाती दिले. पूर्वी त्या न मोजताच कमरेस खोचीत. त्या दिवशी दिव्याखाली उभे राहून त्यांनी नोटा एकेक करून मोजल्या, "बरोबर आहेत" म्हणाल्या, आणि भांड्यांकडे वळल्या.