मृतांचे देणे

माणूस गेला की त्याच्याशी असलेला आपला हिशेब मिटतो, की काही देणे मागे उरते? धर्माने या प्रश्नाला श्राद्ध-तर्पणाचे उत्तर दिले. तत्त्वज्ञानाने तो वादात ठेवला. चार्वाकांच्या मते देहाची राख झाली की मागे कुणी उरतच नाही. ग्रीसमधला एपिक्युरसही सांगे, की मरण येते तेव्हा आपण नसतो, त्यामुळे मृताचे बरेवाईट करणे कुणाच्या हाती नाही. हे खरे मानले, तर शंभर वर्षांपूर्वी लढाईत गेलेल्या ब्रिटिश रणगाड्यांचे काय झाले, कोणता कुठे फुटला, आत कोण होते, हे जुनी दप्तरे धुंडाळून शोधणारे लोक निव्वळ छंद जोपासतात असे म्हणावे लागेल. मला ते पटत नाही. हे शोधणे कर्तव्य आहे, आणि मृतांचे जे देणे आपण लागतो त्यात गौरवाच्या आधी खरेपणाचा क्रम लागतो.

पहिल्या महायुद्धात, २० नोव्हेंबर १९१७ रोजी, फ्रान्समधल्या काँब्रे शहराजवळ ब्रिटिशांनी चारशेहून अधिक रणगाडे एकाच वेळी पुढे घातले. त्या एका दिवसात १७९ निकामी झाले: ६५ तोफगोळ्यांनी, ७१ यंत्रातल्या बिघाडाने आणि ४३ खंदकात किंवा चिखलात अडकून. फ्लेस्किएर गावापाशी मार सर्वांत जबर होता. सरसेनापती हेग यांनी आपल्या अहवालात त्याचे बरेचसे श्रेय एका जर्मन अधिकाऱ्याला दिले. सगळे सहकारी गेल्यावरही तो एकटा तोफ चालवत राहिला आणि तिथेच पडला, असे लिहून त्याच्या शौर्याची तारीफ केली. ही कथा सर्वांच्याच सोयीची होती. ब्रिटिशांना अपयशाचे उमदे कारण मिळाले. पुढे नाझी राजवटीत त्या एकांड्या वीराला क्र्यूगर हे नाव चिकटले आणि कोलोनमध्ये त्याचे स्मारकही झाले. प्रत्यक्षात त्या आघाडीवर जर्मनांच्या कितीतरी तोफा होत्या आणि तिथल्या तोफखान्याला रणगाड्यांवर नेम धरण्याचे खास शिक्षण मिळालेले होते. दंतकथेत मात्र तोफ एक आणि वीर एक. पोलादी पेट्यांत मेलेली माणसे त्या वीराच्या खात्यावरचा आकडा होऊन बसली.

या आकड्यातून एक रणगाडा पुन्हा वेगळा काढता आला. गावातल्या एका वृद्धेने युद्धकाळात रणगाडा पुरताना पाहिल्याचे सांगितले, तेव्हा फिलिप गॉर्झिन्स्की या स्थानिक अभ्यासकाने त्याचा माग घेतला, आणि १९९८ साली गावाच्या कडेच्या जमिनीतून मार्क फोर जातीचा रणगाडा बाहेर आला. पुढच्या भागाला तोफगोळ्यांनी भगदाड पाडलेले. युद्धदैनंदिन्या, पत्रे, कुटुंबांनी जपलेले फोटो आणि दफनभूमीची नोंदवही एकमेकांशी ताडून त्याची ओळख पटली: डी बटालियनचा डी ५१, ‘डेबोरा’. प्रत्येक बटालियन आपल्या अक्षरावरून रणगाड्यांना नावे देई, म्हणून बायबलमधल्या त्या न्यायदात्या स्त्रीचे नाव. आतल्या आठांपैकी पाच जण मेले. रणगाड्याचा प्रमुख फ्रँक हीप उरलेल्यांना घेऊन परतला. त्या पाचांच्या कबरी तिथल्याच दफनभूमीत शेजारी शेजारी आहेत. शोधातून कळले ते एवढ्यावर थांबत नाही. डेबोरा गाव ओलांडून पलीकडच्या टोकापर्यंत पोचली होती. अलीकडच्या टेकाडावर एका तोफेने सगळ्यांना अडवले, ही कथा या पाचांनी कापलेले अंतरच पुसून टाकत होती.

इथे एपिक्युरसचा आक्षेप उभा राहतो: पुसले तर पुसले, त्यांना कुठे कळणार आहे? पण इजा होण्यासाठी ती जाणवावी लागते, हे गृहीतच कच्चे आहे. मृत्युपत्र फिरवले तर आपण म्हणतो, मेलेल्याला फसवले. पाठीमागे केलेली बदनामी कानावर आली नाही म्हणून ती बदनामी नव्हती असे होत नाही. मनुष्याचे आयुष्य श्वासाबरोबर थांबते, पण त्याने काय केले ही गोष्ट खरी किंवा खोटी सांगितली जातच राहते आणि तिच्यात अन्याय होऊ शकतो. दुसरा आक्षेप असा, की हे शोधक माणसांपेक्षा लोखंडात रमतात. वरवर पाहता तसे दिसते खरे. पण त्या रणगाड्यात इंजिन मधोमध, उघडे. उष्णता आणि विषारी धूर सगळ्यांना सारखा. गोंगाटात बोलणे अशक्य, म्हणून हाताने ठोकून खुणा करायच्या. आणि नुसते वळण घ्यायलाही चौघांचे हात लागायचे. असे एकमेकांत गुंतलेले आठ जीव शोधायचे तर यंत्राचा क्रमांकच हाती धरावा लागतो.

तिसरा आक्षेप जास्त अवघड आहे. मुलगा तात्काळ गेला, त्याला वेदना झाल्या नाहीत, असे अधिकारी घरच्यांना लिहीत; ते नेहमी खरे नसे. मग सत्य उकरून काय साधायचे? त्या आईला दिलेला दिलासा मी चूक म्हणणार नाही. पण तो दिलासा जिवंतांसाठी होता. आई गेल्यावर खोट्याचे कारणही संपते, मृताचे देणे मात्र उरते. आणि जे कळत नाही ते कळले असे भासवणेही त्या देण्यात बसत नाही. याबाबत आपले श्राद्धशास्त्र काटेकोर आहे. शस्त्राने मेलेल्यांसाठी पितृपक्षातली चतुर्दशी आहे, तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या आहे, देहच सापडला नाही तर पालाशविधी आहे. अज्ञाताला जागा दिली आहे. सोयीची तिथी ठोकून द्या, असे कुठे म्हटलेले नाही.

शेवटचा आक्षेप आपल्या जवळचा आहे. ही काळजी ब्रिटिश रणगाडेवाल्यांच्या वाट्याला आली, इतरांचे काय? पुणे डिव्हिजनमधल्या १०३व्या, ११०व्या आणि ११७व्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये कुटच्या शरणागतीत सापडल्या. त्या आघाडीच्या बसरा स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली. सामान्य भारतीय शिपायांचा पलटणीगणिक फक्त आकडा. सर्व मृतांना समान वागणूक हे ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धकबरी आयोगाचे १९१७पासूनचे तत्त्व. ते भारतीय व आफ्रिकी सैनिकांबाबत पाळले गेले नाही, हे आयोगाच्याच २०२१च्या अहवालाने मान्य केले. या पक्षपातामुळे डेबोराचा शोध निरर्थक ठरतो का? उलट, पाच जणांसाठी एवढे करता येते हे एकदा सिद्ध झाले, की बाकीच्यांच्या बाबतीत ‘शक्यच नव्हते’ ही सबब टिकत नाही. अभिमानाने पाहिले तर आपलेच मेलेले दिसतात. खरेपणाच्या देण्याला ती सवलत नाही. म्हणून मराठा पलटणींच्या कागदपत्रांतून एकेक नाव ताडून काढणे हे त्याच कामाचे पुढचे पान आहे, आणि ते उलटण्याची जबाबदारी मुख्यतः आपली आहे.