दोर आणि चिंध्या

वाचन : यिर्मया ३८:१-१३, ३९:१५-१८



यिर्मया संदेष्ट्याला चिखलाच्या विहिरीत सोडले, ही गोष्ट आपण शब्बाथशाळेत पुष्कळदा सांगतो. पण त्याला बाहेर कोणी काढले, असे विचारले तर मोठी माणसेही थबकतात. तो एबद-मलेख कूशी. परक्या देशाचा, राजवाड्यातला चाकर. सरदारांनी केलेला अन्याय त्याच्या कानी आला. त्या सरदारांपुढे खुद्द सिद्कीया राजाचे काही चालत नव्हते. तरी हा चाकर बन्यामिनी वेशीत बसलेल्या राजापुढे गेला आणि या माणसांनी वाईट केले आहे, असे त्याने उघड सांगितले.

कामाच्या ठिकाणचा गैरप्रकार वरिष्ठांच्या कानी घालणारा प्रत्येक नोकर आजही त्याच वेशीत उभा असतो.

आपण बेळगाव-निपाणी भागातली माणसे. तंबाखूच्या वखारी आपल्याला नव्या नाहीत. खकाण्याने घसा धरतो, डोळे चुरचुरतात. त्या खकाण्यात बसून आपल्या भागातील बायकांनी वर्षानुवर्षे मजुरी केली. मजुरी थोडी, तास फार, वर अपमान. एकटीने तोंड उघडावे, तर उद्या काम मिळण्याची शाश्वती नाही. १९८० च्या सुमारास निपाणीच्या वखारींतील हजारो स्त्रिया संघटित झाल्या आणि जे घडत होते ते त्यांनी चारचौघांत सांगितले. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपटही काढला. एकटीला जे बोलता येत नव्हते, ते शेजारणीचा हात हाती आल्यावर बोलता आले.

कायद्यानेही ही भीती ओळखली होती. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात, सहा महिने काम केलेल्या कामगाराला योग्य कारणाशिवाय आणि एक महिन्याच्या नोटिशीशिवाय अथवा तितक्या पगाराशिवाय काढता येणार नाही, असे कलम होते. कामावरून काढल्याची धास्ती असेल तर सत्य बोलणार कोण?

सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्गाच्या कामावरील अभियंता. कामातील गैरव्यवहाराविषयी त्यांनी २००२ साली पंतप्रधानांच्या कार्यालयाला पत्र लिहिले व आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. ती पाळली गेली नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा खून झाला. न्यायालयाने तो लुटारूंनी केलेला खून ठरविला. पण विश्वासाने सांगितलेले नाव सांभाळले गेले नाही, हा ठपका त्यामुळे पुसला जात नाही. पुढे २००४ साली सरकारने ठराव करून अशा तक्रारी नाव गुप्त राखून घेण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपविले. २०१३ च्या कायद्याने, कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झालेल्या स्त्रीसाठी दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती व त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती ठरविली. चौकशी चालू असता तिला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळण्याचीही त्यात सोय आहे. हे आपल्या किती भगिनींना ठाऊक आहे?

आता आपल्याकडे वळू. मंडळीतील एखादा तरुण मालकाची लबाडी उघड करतो व घरी बसतो. पुढच्या रविवारी आपण त्याला काय म्हणतो? “कशाला नसत्या भानगडीत पडलास?” मालक मंडळीला देणगी देणारा असला, तर आपण त्या तरुणाशेजारी बसायलाही कचरतो. जे पाहिले ते न सांगणाऱ्या साक्षीदारावर दोष येतो, असे लेवीय पाचव्या अध्यायात आहे. मग सांगणाऱ्याला एकटे टाकणाऱ्यावर काय येत असेल? मुलांना ‘खरे बोला’ असे शिकवणाऱ्या शिक्षकांनी हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

एबद-मलेखाकडे पुन्हा पाहा. त्याने नुसता दोर सोडला नाही. भांडाराखालच्या खोलीतून जुनी फडकी व चिंध्या आणल्या आणि त्या बगलेत घालायला सांगितल्या, म्हणजे दोर काचू नये. सुटका करतानाही वेदना होऊ नये, इतकी ही माया! नोकरी गेलेल्याच्या घरी दोन महिन्यांचा किराणा पोचविणे, अर्ज लिहून देणे, तारखेला त्याच्याबरोबर जाणे, त्याचे नाव चहाच्या दुकानात न उच्चारणे, या आपल्या चिंध्या होत. त्यांना पैसा थोडा लागतो, मन मोठे लागते.

एक सावधगिरी मात्र हवी. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञाही देवाचीच आहे. पाहिले तेच सांगावे, ऐकीव गोष्ट पाहिली म्हणून सांगू नये, सूड म्हणून तर मुळीच नाही.

एबद-मलेख शूर होता, पण निर्भय नव्हता. ज्या माणसांची तुला भीती वाटते त्यांच्या हाती तू पडणार नाहीस, असे अभिवचन देवाने पुढे त्याला दिले. देवाला त्याची भीती ठाऊक होती. आणि त्या दिवशी तो विहिरीपाशी एकटा नव्हता. राजाने त्याच्याबरोबर तीस माणसे दिली होती. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, पण दोर त्यांच्या हाती होता.

येत्या रविवारी उपासना संपल्यावर अशा एखाद्या घराची पायरी आपण चढू या. प्रभू आपले हात बळकट करो. आमेन.