मागणी तसा शब्द

‘बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही,’ असं आपल्याकडे म्हणतात. पण नुसतं बोलून भागत नाही. गिऱ्हाईक ज्या शब्दानं मागतं, त्याच शब्दात बोलावं लागतं. आणि तो शब्द कोणता, हे तोंड उघडण्याआधी शोधावं लागतं. या शोधाला हल्ली ‘कीवर्ड रिसर्च’ म्हणतात. आमचा भाचा सध्या तेच करतो. आमच्या घराण्यात संशोधन करणारा तो पहिलाच. बाकीच्यांनी आजवर फक्त चष्मा शोधला.

भाच्याचं पैठण गेटजवळ शालींचं छोटं दुकान आहे. दुकानाची जाहिरात गूगलवर द्यायची त्याच्या मनात आहे. पूर्वी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीचे पैसे शब्दांवर मोजत. ‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ एवढ्या तीन शब्दांत बापाला अख्खी मुलगी बसवावी लागे. कुणी वाचो न वाचो, पैसे गेले ते गेले. 1998 साली अमेरिकेत बिल ग्रॉस नावाच्या गृहस्थानं ‘गोटू डॉट कॉम’वर निराळीच रीत पाडली. शब्दांचा लिलाव करायचा, ज्याची बोली जास्त त्याची जाहिरात वर, आणि पैसे मात्र कुणी जाहिरातीवर टिचकी मारली तरच घ्यायचे. गूगलनं 2002 साली त्यात भर घातली : नुसती बोली बघायची नाही, लोक त्या जाहिरातीवर किती टिचक्या मारतात तेही बघायचं. कोणता शब्द महिन्याला साधारण किती लोक शोधतात आणि त्याचा भाव काय, हेही गूगलच आधी दाखवतं. मंडईत भाव विचारून पिशवी उघडावी, तसंच हे.

यात मला गैर काहीच वाटत नाही. बँकेच्या काउंटरवर बसून मला शब्दांची किंमत चांगली कळली आहे. ‘मागणी धनाकर्ष’ या शब्दात ‘मागणी’ आहे, पण त्या नावानं मागणी करणारा एकही इसम मला आजवर भेटलेला नाही. ‘साहेब, डीडी कुठं मिळतो?’ असंच सगळे विचारतात. अशा वेळी समोरच्याचा शब्द आपण उचलावा, हा धंदा नव्हे, साधं सौजन्य आहे.

अडचण पुढे आली. भाचा विकतो हिमरू. हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम एकत्र विणून केलेलं, आमच्या या गावाचं नाव झालेलं कापड. आता गावाचंच नाव 2023 साली बदललं, त्यामुळे भाच्याला यादीत ‘औरंगाबाद’ आणि ‘छत्रपती संभाजीनगर’ अशी दोन्ही नावं ठेवावी लागतात. तेही ठीक. पण यादी बघून तो हिरमुसला.

‘‘मामा, हिमरू कुणी शोधतच नाही हो! सगळे पैठणी शोधतात. आपल्या शालीला ‘पैठणी शाल’ म्हटलं तर? शब्द लिहायला काय जातं?’’

या प्रश्नात नीतिशास्त्राचा अर्धा ग्रंथ आहे. अर्धं उत्तर वाणिज्य शाखेतच मिळतं. समजा, एका टिचकीला 8 रुपये पडले. पैठणीच्या ओढीनं 100 जण आले, हिमरू बघून 100 जण परत गेले. 800 रुपये खलास. खोट्याचं बिल इतकं ताबडतोब हातात देणारा दुसरा धंदा माझ्या पाहण्यात नाही.

पण हे उत्तर अपुरं आहे. त्या शंभरातल्या पाच जणांनी ‘पैठणी’ समजून शाल घेतली तर हिशेब नफ्यात जातो आणि नीती तोट्यात. हिमरू हा शब्द मूळ फारसी, ‘हम-रू’ म्हणजे ‘तसाच दिसणारा’, असं सांगतात. जरतारी किनखाबासारखं दिसणारं, पण परवडणारं कापड. म्हणजे ‘मी दुसऱ्यासारखा आहे, तो नाही,’ हे ते कापड स्वतःच्या नावातच कबूल करतं. कापड इतकं प्रामाणिक असताना दुकानदारानं का घसरावं?

शेवटी भाच्यानं पुन्हा यादी उघडली. लोक हिमरू मागत नसतील, पण ‘सत्कारासाठी शाल’, ‘लग्नात आहेर’ हे तर मागतात! महाराष्ट्रात नारळाबरोबर शाल न मिळालेला माणूस सापडणं कठीण. गरज गिऱ्हाइकाच्या शब्दात सांगायची आणि माल मालाच्याच नावानं द्यायचा, असं ठरलं. नको त्या शब्दांचीही एक यादी असते. त्यातला शब्द शोधणाऱ्याला जाहिरात दिसतच नाही. तिथे भाच्यानं ‘फुकट’च्या खाली ‘पैठणी’ लिहिलं. मला वाटतं, माणसाचं चारित्र्य या दुसऱ्या यादीवरून ओळखावं.

तरीही आकड्यांना फार मान देऊ नये. लोकांना जे आधीच ठाऊक आहे, तेवढंच ते मागतात. मुहम्मद तुघलकानं 1327 साली राजधानी दिल्लीहून दौलताबादेला आणली, तेव्हा मागणीचा अंदाज घेतला असता तर शून्य आला असता. लोकांचे हाल झाले ते खरेच. पण त्याच लोंढ्याबरोबर हिमरूचे विणकर इकडे आले असं मानतात. वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलं. ‘वरून खाली देऊळ’ असं शोधणारा भाविक त्या काळी कोण असणार?

आणि 1819 साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी आमच्याच जिल्ह्याच्या डोंगरात आला. त्याचा शोधाचा शब्द होता ‘वाघ’. त्याला मिळालं अजिंठा. पण त्याला बोलवायला लेण्याच्या तोंडाशी ‘येथे वाघ मिळतील’ अशी पाटी कुणी लावलेली नव्हती.