विसावल्यावरचा आकडा

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, चालू आहे असं धरून चला. दुपारी रायपूरचा पारा ४४ च्या घरात होता आणि रात्रीचे साडेदहा वाजले तरी रस्त्याचं डांबर धग सोडतंच आहे. नागपूरहून महामार्ग ५३ ने सुमारे २९० किलोमीटर येऊन तुमची राहती गाडी आत्याच्या फाटकाशी, कडुनिंबाखाली उभी आहे. उद्या धमतरी, कांकेर, केशकालचा घाट करत जगदलपूर गाठायचं. आत्या खिडकीतून एक्स्टेंशन वायर सोडायला निघाली आहे. कोरब्याच्या कोळशाची वीज दाराशी असताना ती न घेणं तिला खुळेपणाच वाटणार. तरी आज नको म्हणा. आज फक्त गाडीतल्या दोन बॅटऱ्यांजवळ बसायचं आहे.

इंजिन नुकतंच बंद झालं. लगेच मीटर बघायचा मोह होतो, आणि बघितलंत तर मन सुखावेलही: १३.१, १३.२ व्होल्ट. आकडा खोटा नाही, पण तो बॅटरीच्या पोटातला नाही. चार्ज होताना प्लेटांच्या बारीक छिद्रांतून आम्ल सुटतं आणि तिथंच दाट होऊन बसतं. डब्यातल्या बाकीच्या द्रवात ते मिसळायला वेळ लागतो, आणि मीटर वाचतं ते छिद्रांतलं आम्ल. पंखा, दिवे, फ्रीज चालू असताना उलट होतं. छिद्रांतलं आम्ल आधी खर्ची पडतं, आकडा घसरतो, आणि असते त्याहून बॅटरी गरीब दिसते. म्हणजे घेताना ती वाढवून सांगते, देताना कमी करून सांगते.

हात मांडीवर ठेवा. काही करू नका. आत दाट आणि पातळ एकमेकांत मिसळतंय, एवढंच डोळ्यांपुढे आणा. गास्तों प्लांतेनं १८५९ मध्ये शिशाचे पत्रे गुंडाळून गंधकाम्लात बुडवले, तेव्हापासून हे मिसळणं असंच सावकाश चालत आलं आहे. तीन-चार तास तरी जावे लागतात, आणि त्या वेळात ना चार्जिंग हवं, ना भार. मग जो आकडा उरतो तो ऐकण्याजोगा: १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी, ११.९ च्या खाली रिकामीच म्हणा. पूर्ण आणि रिकामं यांच्यात एक व्होल्टसुद्धा नाही. म्हणून चार हिरवे दिवे लावून समाधान करणारी चार्जदर्शक पट्टी मला कधी पटली नाही.

आता पुढची बॅटरी मनात आणा, सेल्फ मारणारी. पातळ आणि पुष्कळ प्लेटा. दोन-तीन सेकंदांत शेकडो अँपिअर द्यायचे आणि गप्प बसायचं, एवढंच तिचं काम. मागची बॅटरी जाड प्लेटांची, रात्रभर थोडं थोडं देणारी. छत्तीसगडच्या शेतकऱ्याच्या घरी खायचं धान एका कोठीत आणि बियाण्याचं दुसरीकडे असतं. कितीही पाहुणे आले तरी दुसऱ्या कोठीला हात लागत नाही. गाडीत हे काम दोन बॅटऱ्यांमधला रिले करतो. साधारण १३.३ व्होल्टला तो दोघींना जोडतो, १२.८ च्या खाली तोडतो. आकडा १२.८ च्या खाली आला की तो तुटलेला असायला हवा. असेलच असं मात्र धरून चालू नका. जोडणीच्या टोकाला चिकटून बसलेला रिले बाहेरून अगदी शहाणा दिसतो. मागचा भार चालू ठेवा आणि पुढच्या बॅटरीचा आकडाही त्याच्याबरोबर उतरतो का, ते बघा.

पुढची निजली आहे, म्हणून तिला नुसतं व्होल्टेज विचारलं तरी पुरतं. मागची निजणार कधी? ४४ च्या दिवसानंतर पंखा बंद करून तिचं विसावलेलं व्होल्टेज मोजणारा माणूस मला भेटायचा आहे. जी राबते आहे तिला प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, तिचा हिशेब ठेवावा लागतो. तो ठेवतो शंट: निगेटिव्ह वायरीत बसवलेला ठरावीक, अगदी नगण्य रोधाचा तुकडा. आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रत्येक अँपिअर त्याच्यावरून जातो. एखादी निगेटिव्ह वायर त्याला चुकवून थेट बॅटरीला लावली असेल तर तेवढा खर्च वहीत येत नाही. मागे लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर शंटावाचून गत्यंतरच नाही. ९० टक्के आणि ४० टक्के यांच्यात तिथं व्होल्टच्या एक-दोन दशांशांचाच फरक असतो.

हळूहळू मोजा. पंखा २ अँपिअर, दहा तास: २०. फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू-बंद धरून सरासरी २: आणखी २०. दिवे १ अँपिअर, चार तास: ४. झाले ४४. मागे १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी असेल आणि निम्म्याखाली जायचं नाही असं तुम्ही ठरवलं असेल, तर हातात ५० आहेत. सहा उरले. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवलात तर तेवढे तोच खाईल. त्याचं बटण आत्ताच बंद करा.

उकाड्याकडेही थोडं थांबून बघा, कारण तो फसवा आहे. गरम बॅटरी आज जास्तच देते, सेल्फही झोकात मारते. पण अंदाजे दर दहा अंशांना तिचं आयुष्य निम्मं होतं, आणि उभ्या-उभ्या गळणारा चार्ज दुप्पट. तापलेल्या बॅटरीला चार्जिंगचं व्होल्टेजही कमी लागतं. २५ अंशांना १४.४ असेल तर ४५ ला १४ च्या आसपास. ते उतरवलं नाही, तर पाणी उडतं. रायपुरात मे महिन्यात बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर वरचेवर बघावं.

सकाळी किल्ली फिरवण्याआधी पुढच्या बॅटरीचा आकडा वाचा. १२.६ असेल तर रात्रभर तिच्याकडे कुणी हात पसरला नाही. सेल्फ मारताना तो क्षणभर दहा-साडेदहापर्यंत येईल. ९.६ च्या खाली गेला, तर बस्तरच्या रस्त्याला लागण्याआधी रायपुरातच बॅटरीवाल्याचं दुकान गाठा. इंजिन चालू झालं की पहिला घास पुढच्या बॅटरीचा, मग रिले जोडणार. मागची बॅटरी आधी भराभर घेईल, पण तिचे शेवटचे वीस टक्के फार रेंगाळतात. केशकालचा घाट चढून झाला तरी ती भरलेली असेलच असं नाही. व्होल्टेज वर टेकलेलं असताना आत शिरणारा प्रवाह दोन अँपिअरपर्यंत उतरू द्या. शंटाला शंभर टक्के तेव्हाच सांगा.